रेडिस वेगळ्या सर्व्हरवर हलवल्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' का येतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या चप्पल दुकानाची साइट जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) आहे, ग्राहकांचं कार्ट रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये राहतं. ते रेडिस दुसऱ्या उबुंटू सर्व्हरवर हलवताना त्याच्या सेटिंग फाइलमधल्या बाइंडच्या ओळीत तुम्ही ॲपच्या सर्व्हरचा आयपी लिहिलात आणि साइट बंद पडली.

चूक त्याच ओळीत आहे. कुणाला आत घ्यायचं हे बाइंड ठरवत नाही. रेडिसनं आपल्याच मशीनच्या कोणत्या पत्त्यावर ऐकायचं तेवढं ठरवतं. दुकान महाद्वार रोडला उघडायचं की भाऊसिंगजी रोडला हे आपण ठरवतो, गिऱ्हाईक कुठून येणार ते नाही, तसंच. दुसऱ्या मशीनचा आयपी दिला की रेडिस सुरूच होत नाही. लॉग बघा, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' असं असेल.

समजा ॲपचा खासगी आयपी १०.०.०.५ आणि रेडिसचा १०.०.०.६ आहे. मग बाइंडपुढे १२७.०.०.१ आणि १०.०.०.६ हे दोन्ही लिहा, मध्ये फक्त स्पेस. त्याच फाइलमध्ये रिक्वायरपासच्या ओळीत लांब पासवर्ड द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. कुणाला आत घ्यायचं ते फायरवॉलचं काम: पोर्ट ६३७९ फक्त १०.०.०.५ साठी उघडा. प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसताना बाहेरची कनेक्शन नाकारणारी रेडिसची सोय) बंद करून बाइंडला ०.०.०.०, म्हणजे मशीनचे सगळेच पत्ते, देण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल, तो कृपया मानू नका. पासवर्ड नसलेलं रेडिस इंटरनेटवर उघडं ठेवलं तर कुणीही ते पुसू शकतं, सर्व्हरचा ताबाही घेऊ शकतं. पासवर्ड लावला की प्रोटेक्टेड मोड तसाही आडवा येत नाही.

कोडला हात लावण्याआधी ॲपच्या सर्व्हरवरून रेडिस-सीएलआयनं (रेडिसच्या कमांड लाइन टूलनं) पिंग करा. 'रिफ्यूज्ड' आलं तर रेडिस बंद आहे किंवा त्या पत्त्यावर ऐकत नाही. नुसतंच लटकून टाइमआउट झालं तर बहुधा फायरवॉल. 'नोऑथ' आलं तर नेटवर्क ठीक आहे, फक्त पासवर्ड द्यायचा राहिलाय. पासवर्ड देऊन 'पाँग' आलं की मगच जँगोकडे वळा.

तिथं एक गोष्ट हमखास फसवते. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये पासवर्ड लिहिताना त्यात @ असेल तर त्याजागी %४० आणि # असेल तर %२३ लिहावं लागतं (सेटिंगमध्ये अंक अर्थातच इंग्रजी). नाहीतर यूआरएल भलत्याच जागी तुटू शकतं आणि पासवर्डशी संबंध न दिसणारी एरर येते. मग माणूस तासन् तास भलतीकडेच तपासत बसतो.

कनेक्शनचा पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) प्रत्येक प्रोसेसला एकच ठेवा, दर रिक्वेस्टला नवा नको. ४ वर्कर (साइट चालवणाऱ्या प्रोसेस) आणि पूलची मर्यादा २० धरली तर जास्तीत जास्त ८० कनेक्शन. रेडिसची मूळ मर्यादा १०,००० आहे. 'इन्फो क्लायंट्स' चालवल्यावर आकडा वाढतच जाताना दिसला तर कोडमध्ये कुठंतरी दर वेळी नवा क्लायंट तयार होतोय. कनेक्ट आणि सॉकेट, दोन्ही टाइमआउट १ ते २ सेकंद ठेवा. ते दिले नाहीत तर रेडिस अडकल्यावर तुमचे चारही वर्कर त्याच्यासोबत अडकून राहू शकतात.