वाचकांचे प्रश्न : सोसायटीत अँटेना लपवायची कुठं?

प्रश्न : भाऊ, मी नागपुरात मनीष नगरला फ्लॅटमधे राहतो, हॅम रेडिओचं (हौशी लोकांच्या वायरलेसचं) लायसन मिळालंय पण सोसायटीवाले टेरेसवर पाइप उभा करू देत नाहीत, म्हणतात बिल्डिंगचा लुक खराब होते. गॅलरीची ग्रिल नाहीतर कपडे वाळत घालायची तार अँटेना म्हणून वापरली तर चालेल का? कूलरचं पण कोणीतरी सांगून राहिलं होतं.
– एक वाचक

उत्तर : ग्रिलचा नाद सोडा बावा. सगळे नवीन हॅम आधी तिकडेच धावतात, मी पण धावलो होतो. ती भिंतीत गाडलेली असते, आतल्या सळाखींना कुठं टेकली ते कळत नाही, आणि जोडावर गंज असला की तिथून भलतेच सिग्नल निघतात, शेजाऱ्याच्या टीव्हीत खरखर झाली की मग सेक्रेटरी दारात हजर.

कपड्याच्या तारेची आयडिया चांगली आहे, पण असलेली तार नका वापरू, ती लोखंडाची असते आणि किती लांब ते तिचं तिलाच माहीत. मोटर वाइंडिंगवाल्याकडून इनॅमलची तांब्याची तार आणा आणि नायलॉनच्या दोरीला गुंडाळून न घेता सरळ बाजूनं बांधत न्या, लांबून दोरीच दिसते. हिशोब सोपा आहे, 143 ला तुमच्या फ्रिक्वेन्सीच्या मेगाहर्ट्झनं भागा, अर्ध्या वेव्हची, म्हणजे तारेची, लांबी मीटरमधे येते. 14.2 मेगाहर्ट्झला साधारण 10 मीटर, एवढी जागा टेरेसवर मिळते. 7.1 ला 20 मीटर लागते, ती सहसा नाही मिळत. तार आधी थोडी जास्तच ठेवा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद सेटकडं परत येते त्याचं माप) त्याच्या मीटरवर बघत टोकं मागं दुमडा, कापून टाकली तर परत जोडत बसाल. सेटची केबल तारेच्या मधे न जोडता टोकाला जोडायची असेल तर जुळवणीसाठी 49:1 चा ट्रान्सफॉर्मर लागतो, पण मग कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) एका कोपऱ्यातून, टाकीच्या पाइपांसोबत खाली उतरवता येते, कोणी वर बघतच नाही. आणि हो, दोरी टाकीच्या स्टँडपर्यंत चढवा, स्लॅबपासून डोक्याएवढ्याच उंचीवर राहिली तर बरीच ताकद स्लॅबमधल्या सळाखीच खातात.

एक गोष्ट मात्र पक्की, या दोरीवर ओले कपडे टाकू देऊ नका. एसडब्ल्यूआर तर बिघडतोच, पण ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज खूप असते, हात लागला तर चटका बसतो. मे महिन्यात आपल्याकडं चादर अर्ध्या तासात वाळते, तेवढं थांबायला काय जाते. आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच कोअॅक्स सेटपासून काढून टाका, आपल्याकडचं जूनचं वादळ तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कूलरची गोष्ट खरी आहे, पण 2 मीटर बँडसाठीच (145 मेगाहर्ट्झच्या आसपास, लाट साधारण 2 मीटर लांब). पत्र्याच्या कूलरच्या टपावर चुंबकाच्या बेसची छोटी अँटेना चिकटते, साधारण अर्ध्या मीटरची काडी, पत्राच तिचा ग्राउंड होते. सोसायटीच्या नजरेत तो कूलरच असतो, नागपुरात कूलरवर आक्षेप कोण घेणार! प्लास्टिकच्या कूलरला हे नाही जमत. पण आधी टेस्टर लावून बॉडीत करंट उतरत नाही ना ते बघा आणि अर्थिंग नीट करून घ्या, कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडं माणसं जातात, रेडिओपायी त्यात भर नको. पंप आणि पंख्याची खरखर ऐकू आली तर बोलताना कूलर बंद ठेवा, घरचे ओरडतील ते तुमचं तुम्ही बघा.