कढीपत्त्यावरचा कोष मेला का?

प्रश्न : गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शी पडल्यासारखं दिसलं, पुसायला गेले तर ते चालायलाच लागलं! पुढे ती अळी हिरवीगार झाली, अर्धं झाड फस्त केलं आणि आता बारा दिवस झाले नुसती काडीला चिकटून बसलीये. मुलगा सात वर्षांचा आहे, शाळेतून आला की दप्तर टाकून आधी तिकडे पळतो आणि विचारतो, आई, मेली का गं? सोसायटीच्या लॉनवर नखाएवढी फुलपाखरं उडतात, ती हिचीच पिल्लं का, तेही त्याला हवंय. – एक आई, कोथरूड

उत्तर : एवढ्यात मेली म्हणू नका. थंडीत कोष कितीतरी दिवस तसाच राहू शकतो. लेकाला भिंग द्या आणि कोषाच्या कमरेभोवतीचा बारीक रेशमी दोरा दाखवा, तो अळीनेच बांधलेला असतो.

अळीची कातडी आपल्यासारखी अंगाबरोबर वाढत नाही, घट्ट झाली की ती टाकून द्यावी लागते, आत नवी तयार असते. लहानपणी शीसारखं दिसलं की पक्षी वाटेला जात नाहीत, आणि चौथ्यांदा कात टाकली की ती हिरवी होते म्हणजे पानात लपता येतं. आता कोषात तिचं बरंचसं शरीर विरघळतंय, आणि पंख-पायांचे जे बारीक अंकुर अळीच्या पोटातच होते त्यांतून फुलपाखरू घडतंय. मला तर हे कितीही वेळा पाहिलं तरी नवलच वाटतं.

लॉनवरची ती पिल्लं नाहीत, ती वेगळी जात, तेवढीच राहणार. पंख फुटले की वाढ संपली, खाऊन मोठं व्हायचं काम सगळं अळीचं. नाकतोड्याचं मात्र उलट, त्याची पिल्लं दिसायला मोठ्यांसारखीच, फक्त पंख नसलेली, आणि मध्ये कोष नाहीच.

कोष आरपार दिसायला लागला, आतली नक्षी दिसली की तयार राहा. बाहेर येताना पंख चुरगळलेले असतात, मदत म्हणून कोष फाडू नका प्लीज, लटकून अंगातलं पाणी पंखांत भरू दे त्याला. खाली रंगीत थेंब पडला तर ते रक्त नाही, कोषातली घाण असते. कोषाला गोल भोक दिसलं तर मात्र एखादी बारीक गांधीलमाशी आत वाढून निघून गेली, तेही लेकाला खरं सांगा.

काळ्या पंखांवर पिवळट ठिपकेच ठिपके असले तर लिंबावरचं नेहमीचं फुलपाखरू. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ असली तर दुसरं, आपल्या राज्य फुलपाखराचं, नीलवंतचं भावंड. काय निघालं ते लेकाला चित्र काढून पाठवायला सांगा.