अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला बदली झाली आहे. मुलगी नववीत जाईल. सेंट्रल हायस्कूलचं ऑनलाइन रेटिंग पाहून धास्ती वाटते, काय करावं?

सेंट्रलमध्येच घाला.

हाच प्रश्न २०१३ साली आमच्या घरात होता आणि त्यावरून धाकट्या दिरांशी जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. ते डॅलसजवळ फ्रिस्कोला असतात. फोनवर म्हणाले, "वहिनी, रेटिंग बघितलंत का? आणि वस्ती?" वस्ती म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. उघड बोलायचं नसलं की आपली माणसं हा शब्द वापरतात.

नवरा डळमळला. मी म्हटलं, आधी शाळा डोळ्यांनी बघू. १९२७ सालची ती अवाढव्य इमारत, दारावर चार ग्रीक देवींचे पुतळे. लेक मान वर करून बघतच राहिली. जवळच्या कोपऱ्यावर नॅशनल पार्कचं माहिती केंद्र आहे, तिथे दोन तास गेले. १९५७ मध्ये गोऱ्यांच्या या शाळेत पहिल्यांदा आलेली नऊ काळी मुलं, त्यांच्यासाठी सैन्याचा बंदोबस्त, हे सगळं आपण वाचलेलं असतं. मला हलवलं ते पुढच्या वर्षानं. काळी-गोरी मुलं एका वर्गात बसू नयेत म्हणून १९५८-५९ मध्ये गव्हर्नर फॉबसनी शहरातली चारही सरकारी हायस्कुलं वर्षभर बंद ठेवली. ३,६६५ मुलं घरी. शिक्षक कराराने बांधलेले, ते रिकाम्या वर्गांत येऊन बसायचे. फुटबॉलचे सामने मात्र चालू! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या, काही परगावी नातेवाइकांकडे गेली. काळ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना कुठलीच शाळा मिळाली नाही.

आणि हे एकट्या फॉबसचं काम नव्हे. सप्टेंबरात मतदान झालं, तेव्हा शहरानं १९,४७० विरुद्ध ७,५६१ मतांनी मुलं एकत्र बसवायला नकार दिला. ते आईबाप काही राक्षस नव्हते. तेही वस्तीच बघत होते. हे मी त्याच रात्री भावजींना फोन करून सांगितलं. त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच सांगितलं होतं.

लेकीचं नाव घातलं. जानेवारी २०१५ मध्ये राज्यानं लिटल रॉकचा अख्खा शाळा-जिल्हा, म्हणजे सगळ्या सरकारी शाळांचा कारभार, ताब्यात घेतला, निवडून आलेलं बोर्ड बरखास्त. कारण काय, तर ४८ पैकी ६ शाळांचे निकाल फार खाली. भावजींचा फोन आलाच. "बघा, म्हटलं नव्हतं?" मी यादी काढून वाचून दाखवली. सेंट्रल त्यात नव्हतीच. होती ती हॉल हायस्कूल, पश्चिमेकडच्या सुखवस्तू गोऱ्या भागात १९५७ सालीच उघडलेली. भावजींच्या भाषेत 'चांगल्या वस्तीतली'. त्यावर त्यांनी विषय बदलला.

रेटिंगचं म्हणाल तर, ते मुख्यतः मुलांच्या परीक्षेच्या गुणांवरून काढतात, आणि त्या गुणांत घरची मिळकत किती आणि शिकवणं किती, ते त्या आकड्यावरून कळत नाही. तुमच्या मुलीला कोण शिकवणार हे तर नाहीच. सेंट्रलमध्ये एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वर्ग भरपूर आहेत. काउन्सेलरला आधी भेटा, वर्ग मागून घ्या, नाहीतर सोप्या वर्गात टाकतील. भारतातली गुणपत्रिका बघून त्यांना काही बोध होत नाही.

धाकटं भावंड असेल तर डनबर बघा. १९२९ साली काळ्या मुलांसाठी हायस्कूल म्हणून बांधलेली शाळा, आता मिडल स्कूल आहे. सेंट्रलवर पंधरा लाख डॉलर खर्चले होते, डनबरवर चार लाख. तरी डनबरच्याच एका शिक्षिकेनं समान पगारासाठी १९४२ मध्ये दावा लावला आणि १९४५ ला जिंकला.

हे आधी सांगायला हवं होतं: माझी माहिती जुनी आहे, लेक २०१७ ला बाहेर पडली. २०२० मध्ये फेअर आणि मॅक्लेलन ही दोन हायस्कुलं मिळून साउथवेस्ट हायस्कूल झालं, हॉलचं रूपही बदललं. शाळा पत्त्यावरून ठरते, तेव्हा शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय भाड्याच्या करारावर सही करू नका. आणि मुलगी फार बुजरी असेल तर एवढी मोठी शाळा तिला अंगावर येईल, तो विचार तुमचा तुम्ही करा.

मागे पुतण्याला इतिहासाचा प्रोजेक्ट होता म्हणून भावजी सहकुटुंब आले होते. त्या नऊ मुलांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ एकफर्डच्या सन्मानार्थ बसवलेल्या बाकापाशी सगळ्यांचे फोटो झाले. वस्तीबद्दल भावजी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त गाडी लॉक आहे ना, ते दोनदा जाऊन बघून आले.