पहिल्याच वर्षी मधाच्या मागे लागू नका

अभिनंदन हो, मधमाश्यांची पेटी आणलीत ते बरं केलंत, पण पहिला सीझन फक्त वसाहत टिकवायची एवढंच ठरवा. आपली सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, तशी शांत असते, पण सारखं झाकण उघडलं, उपाशी राहिली, मुंग्यांनी छळलं की अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते, माझी पहिली अशीच गेली, आम्ही सगळे अंगणात बघत उभे होतो.

म्हणून स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्या कोरड्या पडताहेत का ते बघायचं काम पोरांना द्या, ती ते मनापासून करतात. पेटी आठ-दहा दिवसांतून एकदाच उघडा, ऊन असताना, थोडा धूर देऊन. राणी दिसलीच पाहिजे असं नाही, पोळ्यातल्या छोट्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली, एका घरात एकच, की राणी आहे म्हणून समजा.

काजूला मोहोर असतो तोवर चिंता नाही, खरी कसोटी पावसात. जून ते सप्टेंबर साखर-पाणी समसमान करून संध्याकाळी द्या, सांडू देऊ नका, आणि पेटीची तळफळी, म्हणजे तळाची फळी, पुसत राहा नाहीतर पोळं खाणारा मेणकिडा शिरतो. माशी चावली तर काटा चिमटीत न धरता लगेच नखाने खरवडून काढा. घरात कोणाला धाप लागली किंवा तोंड सुजलं तर मात्र थेट डॉक्टरकडे, घरगुती उपाय करत बसू नका.