‘निर्लेखित’ केलेलं कर्ज माफ झालं का?

दादरच्या एका ताईंनी विचारलंय: पेपरात कधी ‘बँकांनी कर्जे माफ केली’ असं येतं, कधी ‘निर्लेखित केली’. दोन्ही एकच का? आणि या निर्लेखनाला, म्हणजे इंग्रजी राइट-ऑफला, साधा मराठी शब्द नाही का?

एकच नाहीत, ताई. संस्कृत ‘लिख्’चा मूळ अर्थ ओरखडणे. निर्लेखन म्हणजे खरवडून काढणे. आयुर्वेदात जीभ खरवडण्याला ‘जिह्वानिर्लेखन’ म्हणतात. कर्जाच्या निर्लेखनात खरवडला जातो तो ताळेबंदातला आकडा. कर्जदाराचं देणं जागच्या जागी राहतं. माफीत मात्र देणंच संपतं.

फोर्टमधल्या एका बँकेत मी बरीच वर्षं कर्जखाती सांभाळली, म्हणून हिशेबही सांगते. दिलेलं कर्ज हे बँकेचं येणं, म्हणजे तिची मालमत्ता. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं (मार्च २००४ पासूनचा नियम), आणि मग व्याज हाती पडल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही. बँक नफ्यातून त्यासाठी तरतूद करत जाते, म्हणजे कर्ज बुडालंच तर म्हणून रक्कम बाजूला काढत जाते. समजा येणं १० लाख आहे आणि तरतूदही १० लाखांवर पोचली. मग एक दिवस नोंद पडते: तरतूद नावे, कर्जखातं जमा. दोन्ही आकडे पानावरून जातात. त्या दिवशी नफा कमी होत नाही, तो आधीच कमी होत आलेला असतो. पुष्कळदा ही नोंद मुख्य कार्यालयातच होते. शाखेत खातं तसंच असतं आणि वसुलीचा माणूस दारी जातच राहतो. पुढे पैसे आले तर ते त्या वर्षीचं उत्पन्न.

शेतकरी कर्जमाफीत तर बँक फारसं काही सोडत नाही, कारण शेतकऱ्याच्या वतीने बहुतेक पैसे सरकार भरतं. राज्याच्या २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आहे, तो शब्द मला जास्त नेमका वाटतो.

साधा शब्द हवा तर आपल्याकडे आहेच: ‘बुडीत खाती टाकणे’. यातलं ‘खाती’ अनेकवचन नव्हे; हाती, माथी, दारी यांसारखी ती सप्तमी आहे. ‘बुडीत’मुळे पैसे कायमचे गेले असं वाटू शकतं, एवढीच माझी हरकत. म्हणून बातमीत मी असं लिहीन: ‘बँकेने कर्ज बुडीत खाती टाकले, वसुली चालू’.