सर्बियातला माग्लिच किल्ला मुद्दाम जाऊन बघण्यासारखा आहे का? चढण अवघड आहे का?

चढणीची काळजी सोडा. क्राल्येवो शहराहून दक्षिणेला रश्का गावाकडे जाणाऱ्या बसने 15-20 किलोमीटरवर उतरायचं आणि इबार नदीवरचा पायपूल ओलांडायचा, की झाडीतून वाट सुरू. सिंहगड करणाऱ्याला ही चढण किरकोळ वाटेल, मला अर्धा तासही लागला नाही. पाणी मात्र खालूनच घेऊन जा. मी बाटली बसमध्ये विसरलो आणि वर जीभ टाळ्याला चिकटली.

किल्ला आहे एवढासा. 13व्या शतकातला, डोंगराच्या निमुळत्या सोंडेवर, खाली तीन बाजूंनी वळसा घालणारी इबार. तटात सात बुरूज आणि शिवाय एक दांडगा मुख्य बुरूज. तो नेमका सोंड मागच्या डोंगराला जुळते त्या बाजूला आहे, कारण हल्ला यायचा तो तिकडूनच.

खरी गंमत बुरुजांच्या आत शिरल्यावर कळते. त्यांना पाठच नाही! तीन बाजूंना जाड दगडी भिंत आणि किल्ल्याकडची बाजू सताड उघडी. मला आधी वाटलं, पडली असेल. पण तिथे मुळातच लाकूडकाम होतं, मजलेही लाकडीच. शत्रूने एखादा बुरूज घेतलाच, तरी आतल्या शिबंदीवर मारा करायला त्याला दगडाचा आडोसा मिळत नाही. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो.

14व्या शतकात आर्चबिशप दानिलो दुसरा याने इथे वाडा आणि सेंट जॉर्जचं चर्च बांधलं. आता नुसते अवशेष आहेत, पाच मिनिटांत बघून होतात.

जमलं तर मेच्या सुरुवातीला जा, लायलॅक (जांभळ्या, सुवासिक फुलांचं झुडूप) फुललेला असतो. सर्बियाच्या उरोश राजाने परदेशातून येणाऱ्या येलेना राणीला परकं वाटू नये म्हणून ही झुडपं खोरंभर लावली, अशी दंतकथा आहे. लायलॅक मुळातच बाल्कनचा, त्यामुळे राजाने काही न करताही तो उगवलाच असता, पण हे तिथल्या कुणाला सांगू नका.

फक्त किल्ल्यासाठी बेलग्रेडहून येणार असाल तर थोडं हिरमुसाल. याच रस्त्याने पुढे उश्चे गाव लागतं, तिथून स्तुदेनित्सा मठाला फाटा आहे. सकाळी किल्ला, दुपारी मठ, असा बेत आखा आणि परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशीच स्टँडवर विचारून ठेवा.