खगोलशास्त्राला नोबेल नसतं का? मग औंढ्याच्या नियोजित लायगो वेधशाळेचं नाव नोबेलबरोबर का घेतात?

खगोलशास्त्राचं वेगळं नोबेल नाही, ते भौतिकशास्त्रातच दिलं जातं. सुब्रमण्यन चंद्रशेखर यांना 1983 साली तसंच मिळालं. खगोलासाठीचा एक मोठा मान म्हणजे शॉ पुरस्कारांतला खगोलशास्त्राचा पुरस्कार. 2024 मध्ये तो कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांना मिळाला.

आता औंढ्याचं. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग, पहिल्यांदा टिपल्या. त्यासाठी 2017 चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाइस, बॅरिश आणि थॉर्न या तीन शास्त्रज्ञांना मिळालं, कारण एक नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. मला जास्त भावतो तो 2016 चा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार. त्याच्या 30 लाख डॉलरपैकी 20 लाख या शोधात सहभागी असलेल्या 1012 जणांत सारखे वाटले गेले, आणि त्यांत आपले भारतीय शास्त्रज्ञही होते. गोंगाटातून असा क्षीण संकेत ओळखायची पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून होते.

तशीच चार किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. 2023 मध्ये केंद्राने तिला 2600 कोटी मंजूर केले. म्हणजे नोबेल औंढ्याला मिळालेलं नाही, पण ज्या शोधाला मिळालं त्याचं पुढचं काम आपल्या मराठवाड्यात होणार आहे.